हरलेल्यांचाही मोसम

मंगळवारी आमच्या मुलीच्या शाळेचा व्हॉलीबॉल संघ सरळ दोन सेटमध्ये हरला. दुसऱ्या सेटमध्ये तर गुण दहाच्या पुढे सरकलेच नाहीत. बाहेर गाडीत बसून मी समजुतीचं भाषण जुळवत होतो. हार-जीत चालायचीच, प्रयत्न महत्त्वाचे, वगैरे. पोरगी आली, मागच्या सीटवर बॅग आदळली आणि म्हणाली, "बाबा, गुरुवारी त्यांच्या शाळेत मॅच आहे. बस अडीचला सुटते. डबा जरा जास्त द्यायला सांग आईला." माझं भाषण पोटातच राहिलं.

मी शिकलो ते सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये. नववीत खो-खोच्या संघात होतो. शाळा उघडल्यापासून रोज संध्याकाळी सराव. पीटीचे सर शिट्टी गळ्यात अडकवून खांबापाशी उभे असायचे, आणि दोन महिने डोळ्यांपुढे एकच गोष्ट: तालुका. तो दिवस उजाडला. सकाळच्या एसटीनं गेलो, मैदानात चिखल, आमचा पुकारा साडेअकराला झाला. समोरच्या शाळेनं एक गुण आणि दोन मिनिटं राखून सामना जिंकला. साडेबाराला डबे सोडले, दीडच्या एसटीनं परत. वर्ष संपलं. दहावीत 'यंदा बोर्ड आहे' म्हणून घरच्यांनी मैदानाकडे फिरकू दिलं नाही. शाळेबाहेर खेळलेले माझे हायस्कूलचे अधिकृत सामने मोजले तर तीन भरतात. मुलीचे एका मोसमात अठरा झाले. त्यातले पंधरा ती हरली आहे.

अमेरिकेतल्या शालेय खेळांविषयी आपल्याकडे बोलणं निघालं की लोकांना शुक्रवारच्या रात्रीचे दिवे, हजारोंचा जमाव, बँड आणि गवताची मैदानं आठवतात. हे सगळं आहे, आणि त्यातलं बरंचसं पैशाचं आहे. पण इथं न्यू जर्सीत राहून, मुलांना ने-आण करता करता माझं मत असं झालंय, की या व्यवस्थेचा खरा कणा एका रूक्ष कागदी गोष्टीत आहे. तिचं नाव कॉन्फरन्स. महाराष्ट्रानं इथलं काही उचलायचंच ठरवलं तर एवढं एकच उचलावं. दिवे, बँड, गवत राहू द्या.

कॉन्फरन्स म्हटलं की मराठी कानाला व्यासपीठ, हारतुरे आणि समोसे आठवतात. इथं तो शब्द शाळांच्या भावकीला वापरतात. एका परिसरातल्या वीस-तीस शाळा एकत्र येतात आणि ठरवतात, की दर मोसमात आपण आपसांत खेळायचं. भावकीसारखीच तिच्यात भांडणं असतात, जुने हिशेब असतात, आणि तरीही एकमेकांच्या दारात जाणं चुकत नाही. आमच्या मिडलसेक्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कॉन्फरन्सचं नाव ग्रेटर मिडलसेक्स. एडिसन गावातली एडिसन हायस्कूल आणि जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूल या दोन्ही शाळा तिच्यात आहेत. एडिसनचं नाव काढलं की इथल्या मराठी माणसाला वाणसामानाची दुकानं आणि गणपती आठवतात. त्याच गावातल्या देशी पोरांचं बरंच खेळजीवन या एका कॉन्फरन्सच्या वेळापत्रकात बसलेलं असतं.

रचना तीन मजल्यांची आहे. सगळ्यात वर राष्ट्रीय महासंघ. तो १९२० साली स्थापन झाला, मुख्यालय इंडियानापोलिसला. त्याचं काम मुख्यतः खेळांचे नियम लिहिणं. राष्ट्रीय शालेय अजिंक्यपद वगैरे तो भरवत नाही. हे ऐकून मी चक्रावलो होतो. एवढ्या खेळवेड्या देशात महासंघाची शालेय राष्ट्रीय स्पर्धाच नाही, राज्यापाशी गाडी थांबते! मधल्या मजल्यावर प्रत्येक राज्याची संघटना. न्यू जर्सीची १९१८ पासूनची आहे आणि तिच्या सभासद शाळा चारशेहून जास्त आहेत. ती पात्रतेचे नियम करते आणि मोसमाच्या शेवटी राज्य अजिंक्यपदाची बाद फेरी घेते. पात्रतेचे नियम कडक आहेत: १ सप्टेंबरपूर्वी एकोणीस वर्षं पूर्ण झाली असतील तर खेळता येत नाही, नववीत आल्यापासून सलग आठ सत्रं एवढीच मुदत, आणि आदल्या वर्षी ठरावीक श्रेयांक मिळवले नसतील तर संघाबाहेर.

तळमजल्यावर कॉन्फरन्स, आणि सगळा संसार तिथंच चालतो. शाळांचे क्रीडा संचालक एका टेबलाभोवती बसतात. हा माणूस आपल्या पीटीच्या सरांपेक्षा वेगळा. तो स्वतः शिकवत नसला तरी चालतं. बस, पंच, मैदान, रुग्णवाहिका आणि तारखा जुळवणं हेच त्याचं काम. कॉन्फरन्सची घटना असते, वर्गणी असते, मुख्याध्यापकांची समिती असते. पंच नेमणारा एक माणूस असतो, म्हणजे यजमान शाळेनं 'आपला' पंच आणला ही तक्रार मुळातच राहत नाही. पुढच्या वर्षीच्या तारखा कित्येक महिने आधी ठरतात. मग मुलं त्या तारखा बघून दातांच्या डॉक्टरची वेळ घेतात आणि आईबाप भारताची तिकिटं काढतात. आम्हीही काढली आहेत.

आता यातला मला सगळ्यात पटलेला भाग. कॉन्फरन्समधल्या सगळ्या शाळा एकाच माळेत ओवत नाहीत. बळ आणि आकार पाहून गट पाडतात. आमच्याकडे त्यांना रेड, व्हाइट, ब्लू म्हणतात. दोन हजार मुलांची शाळा आणि पाचशे मुलांची शाळा शेजारी असल्या तरी रोज एकमेकींच्या समोर येत नाहीत. राज्याच्या स्पर्धेतही सरकारी शाळांचे पटसंख्येनुसार गट आहेत आणि खासगी शाळांचे वेगळे. काही वर्षांनी गट पुन्हा तपासतात: सतत जिंकणारा वर चढतो, सतत हरणारा खाली येतो. खाली येणं ही इथं शिक्षा मानत नाहीत. आपल्या मापाचे कपडे घातले, एवढाच त्याचा अर्थ.

माप न पाहता जुंपलं की काय होतं, हे मुंबईनं जगाला दाखवलेलं आहे. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी करंडकाच्या आंतरशालेय सामन्यात कल्याणच्या प्रणव धनावडेनं ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासून टिकलेला कॉलिन्स या इंग्लंडमधल्या शाळकरी मुलाचा ६२८ धावांचा विक्रम मोडला, देशभर फोटो छापून आले. त्या मुलाचं कौतुक व्हायलाच हवं होतं. दोन दिवस उभं राहून खेळणं पोरखेळ नव्हे. पण त्याच धावफलकाची दुसरी बाजू फार थोड्यांनी वाचली. समोरचा संघ पहिल्या डावात ३१ आणि दुसऱ्यात ५२ धावांत आटोपला होता, आणि त्यांच्यासमोर १४६५ धावांचा डोंगर होता. त्या अकरा मुलांनी त्या दोन दिवसांत क्रिकेटविषयी काय शिकलं असेल? इथं बेसबॉलमध्ये पाच डावांनंतर दहा धावांचा फरक पडला की बहुतेक ठिकाणी सामना तिथंच आवरतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये फरक फार वाढला की बऱ्याच राज्यांत दुसऱ्या अर्धात घड्याळ थांबवतच नाहीत, धावू देतात. त्या नियमाला दयेचा नियम म्हणतात. नाव मला आवडत नाही, पण नियम शहाणपणाचा आहे.

गट पाडण्यावर एक आक्षेप जुना आहे आणि तो हलका नाही. तो इंडियानातून येतो. तिथं बास्केटबॉल हा धर्म आहे, आणि १९९७ पर्यंत राज्यातल्या लहान-मोठ्या सगळ्या शाळा एकाच बाद फेरीत उतरत. १९५४ साली मायलन नावाच्या खेड्यातली १६१ विद्यार्थ्यांची शाळा अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रलसारख्या बलाढ्य शाळेला ३२-३० असं हरवून राज्यविजेती झाली. शेवटच्या क्षणी बॉबी प्लंपनं टाकलेला तो चेंडू आजही इंडियानातली म्हातारी माणसं डोळ्यांपुढे उभा करतात. १९९७-९८ पासून राज्यानं पटसंख्येनुसार चार वर्ग केले, तेव्हा किती आरडाओरडा झाला! आता पुन्हा मायलन होणार नाही, असं लोक म्हणाले. खरंच आहे ते. चार विजेते झाले की कुठल्याच विजेत्याच्या गोष्टीला ती धार राहत नाही.

पण मायलनच्या त्या वर्षाचा हिशेब पुरा मांडून बघा. २८ विजय, २ पराभव. म्हणजे राज्य जिंकणारा तो संघ त्या मोसमात दोनदा हरला होता. आमच्या तालुक्यात तो संघ असता तर पहिल्या पराभवाच्या दुपारी, दीडच्या एसटीनं, घरी आला असता. मायलनची दंतकथा बाद फेरीत घडली हे मान्य, पण तो संघ घडला आठवड्यामागून आठवडे शेजाऱ्यांशी खेळून. दंतकथा सांगणारे हा भाग गाळतात, कारण तो कंटाळवाणा आहे. माझ्या मते खेळाडू त्या कंटाळवाण्या भागातच तयार होतो.

या सगळ्या संघटना सरकारी खाती नाहीत, हेही इथं सांगायला हवं. शाळाच सभासद होऊन त्या चालवतात. पण 'आम्ही खासगी संस्था, आमचे नियम आमचे' असं म्हणायची मोकळीकही त्यांना उरलेली नाही. टेनेसी राज्यात ब्रेंटवुड अकॅडमी नावाच्या खासगी शाळेनं आठवीतल्या मुलांना सरावाला येण्याचं पत्र पाठवलं. राज्य संघटनेनं हे मुलं ओढणं आहे असं ठरवून दंड केला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की या संघटनेच्या सभासदांत ८४ टक्के शाळा सरकारी आहेत, म्हणून तिची कृती ही शासनाचीच कृती समजली जाईल आणि घटनेचे दंडक तिला लागू होतील. पुढे २००७ मध्ये त्याच वादात मूळ दंडाच्या मुद्द्यावर संघटनाच जिंकली. मला हा निवाडा फार बोलका वाटतो. कारभार शाळांच्या हातात, पण मनमानी केलीत तर दार ठोठावायला जागा आहे. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. कारभार खात्याच्या हातात असतो, आणि अन्याय झाला तर दाद कुणाकडे मागायची हे पीटीच्या सरांनाही ठाऊक नसतं.

मुलींचं काय, हा प्रश्न मला मुलगी असल्यामुळे मी आणखी जवळून पाहिला. १९७२ साली अमेरिकेच्या संसदेनं शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्ध कायदा केला, त्याला टायटल नाइन म्हणतात. त्याच्या आदल्या शालेय वर्षात हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुलींची नोंद सुमारे २,९४,००० होती. २०२३-२४ मध्ये ती ३४ लाखांच्या आसपास गेली, आणि मुलं-मुली मिळून आकडा पहिल्यांदा ८० लाखांवर पोचला. एक विद्यार्थी दोन खेळ खेळला तर दोनदा मोजतात, तेव्हा आकड्याला थोडी कात्री लावून वाचावं. पण कात्री लावूनही तो मोठाच आहे. हे कायद्यानं झालं, हे खरं. मात्र कायद्यानं संघ उभा करता येतो, त्याला प्रतिस्पर्धी द्यावे लागतात. ते कॉन्फरन्सनं दिले. मुलांच्या प्रत्येक तारखेशेजारी मुलींची तारीख आली.

न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांच्या लीगनं २००८ साली क्रिकेटही सुरू केलं. गयाना, बांगलादेश, पाकिस्तान, भारत इथून आलेली मुलं क्वीन्स-ब्रुकलिनच्या बागांमध्ये चटई टाकून खेळत होतीच. शाळांनी त्यांना फक्त वेळापत्रक दिलं. आपल्याकडे खेळाला प्रोत्साहन म्हणजे क्रीडासंकुल, असं समीकरण आहे. इथं आधी वेळापत्रक आलं.

एवढं कौतुक केल्यावर दोष न सांगणं हा अप्रामाणिकपणा होईल, आणि दोष भरपूर आहेत. पहिला पैशाचा. इथल्या शाळा बऱ्याच अंशी स्थानिक घरपट्टीवर चालतात. ज्या गावात घरं महाग, तिथल्या शाळेत व्यायामशाळा चकचकीत. शेजारच्या गरीब गावातल्या शाळेत गणवेश चार वर्षं जुने. अनेक शाळांत खेळायला फी भरावी लागते. कॉन्फरन्स वेळापत्रक समान करते, खिसे समान करू शकत नाही. खासगी शाळा कुठूनही मुलं घेऊ शकतात, सरकारी शाळेला गावातलीच मुलं मिळतात. त्यावरून इथं वर्षानुवर्षं जी धुसफूस चालली आहे ती संपायची चिन्हं नाहीत. वरच्या थरातले पालक तर शाळेला विचारतच नाहीत. क्लबमध्ये हजारो डॉलर भरतात आणि शाळेचा संघ त्यांना फावल्या वेळचा वाटतो. पंच कमी पडतात, कारण प्रेक्षकांत बसलेल्या बापांच्या शिव्या खायला पन्नाशीचा माणूस किती दिवस येणार? पंच नाहीत म्हणून शुक्रवारचे सामने गुरुवार-शनिवारी ढकलावे लागतात.

दुसरा दोष फुटबॉल. अमेरिकन फुटबॉलचं वजन इतकं, की त्याच्या सोयीसाठी भावकी मोडते. आमच्या भागात २०२० पासून फक्त फुटबॉलपुरती बिग सेंट्रल नावाची वेगळी कॉन्फरन्स झाली आहे. पाच काउंट्यांतल्या पन्नासहून जास्त शाळा तिच्यात आहेत. कारण रास्त होतं: त्या खेळात बळाचा फरक पडला तर मुलांची हाडं मोडतात, म्हणून मापाचा प्रतिस्पर्धी दूर जाऊन शोधावा लागतो. तरी बस लांब गेली आणि समोरच्या बाकावर ओळखीचं कुणी उरलं नाही.

ही वाट शेवटी कुठं जाते ते आमच्या शेजारीच दिसतं. रटगर्स विद्यापीठ याच काउंटीत आहे. १८६९ सालचा पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना तिथलाच. २०१४ मध्ये ते बिग टेन या महाविद्यालयीन कॉन्फरन्समध्ये गेलं. बिग टेनमध्ये २०२४ पासून अठरा विद्यापीठं आहेत आणि त्यांतली दोन लॉस एंजेलिसची. नाव 'दहा', संघ अठरा, आणि शेजारी चार हजार किलोमीटरवर! टीव्हीच्या हक्कांचा पैसा आला की भावकी या शब्दाचा काय अर्थ उरतो, याचा हा नमुना. हायस्कूलच्या कॉन्फरन्सचं नशीब एवढंच, की तिच्या मंगळवारच्या व्हॉलीबॉलला टीव्हीवर कुणी विकत घेत नाही.

आता महाराष्ट्र. आपली रचना कागदावर पाहिली तर अमेरिकेपेक्षा सरळ आहे. क्रीडा व युवक सेवा संचालनालय, आठ विभाग, प्रत्येक जिल्ह्याला क्रीडा अधिकारी. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी शिडी. त्या शिडीच्या टोकाला आपली मुलं चमकतातही. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत महाराष्ट्र पदकतक्त्यात पहिला होता, आणि नंतरही अनेकदा राहिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधून कांस्यपदक घेऊन आला. निवडलेल्यांसाठी आपण बरंच करतो. माझा प्रश्न न निवडलेल्यांचा आहे.

एक साधं गणित करू. एका तालुक्यात बत्तीस शाळांचे कबड्डी संघ उतरले. बाद पद्धतीत विजेता ठरायला एकतीस सामने लागतात. त्यात सोळा शाळा एकच सामना खेळतात, आठ शाळा दोन. म्हणजे बत्तीसपैकी चोवीस शाळांचा अख्ख्या वर्षाचा खेळ दोन सामन्यांच्या आत आटोपतो. त्यातही एखादा संघ आलाच नाही तर समोरच्याला 'पुढे चाल' मिळते, म्हणजे तोही सामना गेला. आता त्याच बत्तीस शाळांचे आठ-आठचे चार गट करा आणि गटात साखळी पद्धतीनं खेळवा. प्रत्येक शाळेला सात सामने मिळतात, सगळ्यात वाईट शाळेलाही. एकूण सामने एकशे बारा. मग चारही गटविजेत्यांची बाद फेरी खुशाल घ्या, शिडी जशी आहे तशी राहू द्या.

"एकशे बारा सामने घ्यायचे कुणी?" हा प्रश्न मला प्रत्येक सुट्टीत, चहाच्या टपरीवर, जुन्या सरांनी विचारलेला आहे. आपण 'स्पर्धा' म्हटलं की मंडप, उद्घाटन, नारळ, ध्वनिक्षेपक, तीन दिवसांत सगळं उरकणं, असं चित्र डोळ्यांपुढे आणतो. साखळीला यातलं काही लागत नाही. एका शनिवारी एका शाळेच्या मैदानावर दुसरी शाळा येते, खेळते, जाते. शनिवारी आपली शाळा सकाळची असते. साडेअकराच्या पुढे अख्खी दुपार मोकळी. आठ शाळांच्या गटात दर शनिवारी चार सामने, चार वेगवेगळ्या मैदानांवर. सात शनिवारांत मोसम पुरा. शाळा चार-सहा किलोमीटरवर असतील तर पोरं सायकलवर येतील. आम्ही त्याहून लांब जत्रेला जात होतो.

गट कसे पाडायचे, यासाठी समिती नेमायचीही गरज नाही. प्राथमिक शाळांची 'केंद्रं' आपल्याकडे कधीपासून आहेत: एक केंद्रशाळा, तिच्याभोवतीच्या शाळा आणि एक केंद्रप्रमुख. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या स्पर्धा केंद्र, बीट, तालुका अशा चढत्या क्रमानं होतातही. फक्त तिथंही वर चढण्याची घाई. केंद्रावरचा विजेता ठरला की बाकीच्यांना घरी धाडतात. हायस्कूलपुरतं मुख्याध्यापक संघ आणि क्रीडा शिक्षकांच्या संघटना ठिकठिकाणी आहेत. आज त्यांच्या बैठकीत बहुतेक वेळ मागण्यांची निवेदनं लिहिण्यात जातो. ती लिहावीतच, पण त्याच टेबलावर एक वेळापत्रकही लिहिता येईल. त्याला खात्याची परवानगी लागू नये. कॉन्फरन्सचं मर्म हेच, की शेजारच्या शाळेशी खेळायला वरून आदेश यावा लागत नाही.

क्रीडा शिक्षकाचं पदच रिकामं आहे, ही अडचण खरी आहे आणि तिला माझ्याकडे चलाखीचं उत्तर नाही. ज्या शाळेत तीन विषय शिकवणारा एकच माणूस निवडणुकीची कामंही करतो, त्याला शनिवार दुपारही द्या म्हणणं सोपं नाही. इथल्या प्रशिक्षकांना मोसमाचे वेगळे पैसे मिळतात, गणिताची बाई व्हॉलीबॉल शिकवते तेव्हा तिला त्याचं मानधन असतं. तेवढं तरी करावं लागेल. माजी खेळाडू प्रत्येक गावात आहेत, कबड्डीचे पंच आहेत. त्यांना चहा-पोह्यांवर राबवायची सवय मात्र सोडावी लागेल.

दुसरी अडचण माझ्या मते याहून खोल आहे, ती गुणांची. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण, या दोन्ही गोष्टी तुम्ही शिडीच्या कितव्या पायरीवर पोचलात यावर ठरतात. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की पालक विचारतात 'प्रमाणपत्र कुठल्या पातळीचं?' आणि ज्या खेळात संघ कमी उतरतात तो खेळ निवडतात, कारण तिथं जिल्ह्यापर्यंत जायला दोनच सामने जिंकावे लागतात. शनिवारच्या साखळीत सात सामने खेळलेल्या मुलाला यातलं काही मिळणार नाही. म्हणून ती साखळी कुणालाच नको आहे. मी उलटं म्हणेन: तिला गुण नाहीत म्हणूनच ती निरोगी राहील. खोटे जन्मदाखले, ऐनवेळी दुसऱ्या शाळेतून आणलेला उंच पोरगा, हे सगळं गुणांच्या वासानं येतं. ज्या सामन्यात गुण नाहीत तिथं दाखला खोटा करायचे कष्ट कोण घेईल?

मला उलट प्रश्नही विचारतात. पंधरा वेळा हरून तुझ्या पोरीला काय मिळालं? खरं सांगायचं तर फार काही नाही. ती महाविद्यालयात खेळणार नाही. शिष्यवृत्तीचा प्रश्नच नाही. ऑक्टोबरमध्ये तिची सर्व्हिस जाळ्याच्या वरून जायला लागली, सप्टेंबरमध्ये ती जात नव्हती. पहिल्या फेरीत ज्या शाळेनं त्यांना दहा गुणांत गुंडाळलं होतं, तिच्याविरुद्ध परतीच्या सामन्यात एका सेटमध्ये त्या एकवीसपर्यंत गेल्या. हरल्याच. पण बसमध्ये गाणी म्हणत आल्या. त्या शाळेची सेटर आता तिची मैत्रीण आहे. दोघी फोनवर एकमेकींना रील पाठवत असतात आणि पुढच्या सप्टेंबरच्या तारखेवरून आतापासून चिडवाचिडवी चालू आहे.

आम्हाला एक गुण आणि दोन मिनिटं राखून हरवणाऱ्या शाळेत शेवटी पळणारा एक काटक मुलगा होता. खांबापाशी आला की अशी हूल द्यायचा, की आमचे तिघे जण चिखलात आडवे झाले होते. त्याचं गाव आमच्यापासून नऊ किलोमीटरवर. पुन्हा आमचा सामना कधी झाला नाही, आणि त्याचं नाव मला आजही माहीत नाही.